ढोलकीने स्वतःलाच ग्रिल विकले

ज्या माणसाने उभ्या जन्मात स्वतःच्या हाताने अंडे उकडले नाही, त्याने शहरातल्या निम्म्या खानावळींची स्वयंपाकघरे मांडून दिली होती. भांडीबाजारात त्याला तोंडावर काका म्हणत आणि पाठ वळली की ढोलकी. दोन्ही बाजूंनी वाजतो आणि आतून पोकळ, म्हणून ढोलकी. नाव ठेवणाऱ्याने चोख ठेवले होते.

हॉटेलसामानाच्या एका मोठ्या दुकानात तो विक्रीला होता. आत शिरताच एका अंगाला गॅसवरची ग्रिल मांडलेली, दुसऱ्या अंगाला विजेवरची, आणि मधोमध हा, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, तोंडात साखर घोळवत उभा. गिऱ्हाईक गॅसकडे वळले की तो म्हणे, "बरोबर जागी आलात. ज्वाळेवाचून भाजणं म्हणजे उन्हात वाळवणं. विजेच्या तारेला कुठं जीव असतो?" विजेकडे वळले की म्हणे, "शहाणे आहात. सिलिंडरची कटकट नाही, काजळी नाही. गॅसवर काय होतं, एका कोपऱ्यात कोळसा आणि दुसऱ्यात कच्चं." दोन्ही भाषणे तो सारख्याच निष्ठेने करी, म्हणजे तिळभरही निष्ठा नसताना.

एकदा दोघे सख्खे भाऊ आले. भागीत खानावळ काढायची होती. थोरल्याला गॅस हवा, धाकट्याला वीज. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बाबांनो, घरी जाऊन एकमत करा आणि या. ढोलकीने थोरल्याला बाजूला घेतले आणि कानाशी लागला, "तुमच्यात अनुभव बोलतो." मग धाकट्याला घेतले, "पुढचा काळ तुमच्यासारख्यांचा." भाऊ दुकानातच हमरीतुमरीवर आले, दोघांनी आपापले ग्रिल घेतले आणि एका खानावळीच्या दोन झाल्या. वर्ष सरायच्या आत दोन्हींना कुलूप लागले. ढोलकी ही हकीकत लग्नकार्यात सांगे, आणि ऐकणाऱ्यांच्या आधी स्वतःच हसे.

गिऱ्हाईक कितीही बावळट असले तरी शेवटी एक शहाणा प्रश्न विचारतेच. "आमच्या मीटरला हे झेपेल का हो?" ढोलकीला काय ठाऊक, झेपेल की नाही? आपल्या घरचे मीटर कुठल्या भिंतीला आहे हेही त्याला बायकोला विचारावे लागे. तो गिऱ्हाइकाच्या खांद्यावर हात ठेवी, आवाज खाली आणी आणि म्हणे, "मीटरचं काय घेऊन बसलात? ते माझ्यावर सोडा." गिऱ्हाईक निर्धास्त होई. पुढे कोणी बोंबलत आलेच तर उत्तर तयार असे, "साहेब, आम्ही ग्रिल विकतो. वीज कुठं विकतो?"

ही सगळी विद्या त्याने हाताखालच्या एका चेल्याला शब्दन्‌शब्द शिकवली. खांद्यावर हात कोणत्या वाक्याला ठेवायचा, इथपर्यंत. चेला तयार झाला आणि ढोलकी निवृत्त होऊन घरी बसला. घरी बसला म्हणजे घरच्यांच्या डोक्यावर बसला.

घरात त्याची सून होती. मुलगा परगावी नोकरीला, महिन्यातून एकदा उगवायचा. सून एका कचेरीत टंकलेखन करी, पण हाताला अशी चव की कचेरीतले लोक स्वतःचा डबा बाजूला सारून तिच्या डब्याभोवती घोटाळत. शेवटी तिने हिय्या केला. नोकरी सोडली आणि बंद पडलेल्या एका बेकरीची जागा भाड्याने घेतली. समोरच्या यंत्रशाळेच्या व्यवस्थापकाने सांगितले होते, पुढच्या एक तारखेपासून आमच्या कामगारांचं दुपारचं जेवण तुमच्याकडं. मात्र त्या दिवशी ताटं मांडली नाहीत तर दुसरीकडं बोलणी झालेली आहेत. सुनेचा सगळा डाव त्या एक तारखेवर होता. ती चुकली की नोकरीही गेली आणि खानावळही.

तिने सासऱ्याला विचारले. विचारायला नको होते, पण घरात जन्मभर ग्रिल विकणारा माणूस बसला असताना बाहेर कोणाला विचारणार?

"बाबा, गॅसचं घेऊ की विजेचं?"

ढोलकीने घसा साफ केला. "तुझा कल कुठं आहे?"

"माझा कल नंतर. तुम्ही सांगा."

पंचाईत झाली. कल कळल्याशिवाय त्याची जीभ वळतच नसे. त्याने सुनेच्या तोंडाकडे निरखून पाहिले. तिथे काहीच लिहिलेले नव्हते. "गॅसचं एक बरं असतं," तो म्हणाला आणि थांबला. सून हलली नाही. "पण विजेचंही आपलं एक आहेच."

"दोन्ही बरी आणि दोन्ही वाईट, हे मला पाववालासुद्धा सांगेल, बाबा."

"घाईची कामं नसतात ही, सूनबाई."

मग तिनेच त्याला जागेवर नेले. बेकरीची जुनी चिमणी भिंतीतून थेट वर गेलेली, नुसती साफ करायचा अवकाश. मागे दार, दारापलीकडे उघडे अंगण, चार सिलिंडर मोकळ्या हवेत सुखाने उभे राहतील असे. आणि जिन्याखाली एकच किरटे मीटर, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मालकीणबाईंचे आणि खालच्या जागेचे सामाईक. आंधळ्याने भिंत चाचपून सांगितले असते की इथे गॅसच.

"मला तर गॅसच बरा वाटतो," सून म्हणाली.

आता कल कळला होता. ढोलकीने "बरोबर आहे" म्हटले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्याला सुनेला घेऊन आपल्या जुन्या दुकानात मिरवायचे होते. "एकदा दुकानात बघून घेऊ," तो म्हणाला. "आपलीच माणसं आहेत."

आपल्या माणसांनी खुर्ची दिली, चहा दिला. ढोलकी चहा पितापिता विजेच्या एका चकचकीत ग्रिलकडे बघत राहिला. चेल्याने ते टिपले. नजर कुठे रेंगाळते ते बघायचे, हाही गुरूचाच धडा.

"शहाणे आहात, काका," चेला म्हणाला. "सिलिंडरची कटकट नाही, काजळी नाही. गॅसवर काय होतं, एका कोपऱ्यात कोळसा आणि दुसऱ्यात कच्चं."

आयुष्यभर ढोलकी हे बोलला होता, पण कानांनी ऐकले ते आज. त्याला ते इतके पटले की मान आपोआप डोलायला लागली. काय मुद्देसूद बोलतो मुलगा, असे त्याच्या चेहऱ्यावर उमटले. चोराने स्वतःच्या घराला दिवसाढवळ्या भोक पाडावे आणि आतून कोणी तरी वाहवा म्हणावे, तशातली गत.

सुनेने विचारले, "आमच्या मीटरला हे झेपेल का?"

चेल्याने हात ठेवला तो काकांच्या खांद्यावर. आवाज खाली आणला. "वहिनींना सांगा, काका. मीटरचं काय घेऊन बसलात? ते माझ्यावर सोडा."

"सोड म्हणतोय ना तो," ढोलकी सुनेला म्हणाला.

"बाबा, हे तुमचंच वाक्य आहे. जेवताना किती वेळा ऐकवलंय तुम्ही आम्हाला."

"म्हणूनच तर खात्री वाटते," तो म्हणाला.

भर दुकानात, त्याच्या जुन्या राज्यात, सासऱ्याला खोटे पाडायला सुनेची जीभ रेटेना. चूक म्हणाल तर तेवढी तिची.

विजेचे ग्रिल आले. चार माणसांनी घामाघूम होऊन आत नेले. ढोलकीने इस्त्रीचा शर्ट घातला आणि स्वतःच्या हाताने बटण दाबले. तारा लाल व्हायला लागल्या. "बघ," तो म्हणाला, आणि पुढचा शब्द निघायच्या आत जिन्याखाली टक्‌ असा आवाज होऊन पंखा थांबला, दिवा गेला, आणि वर मालकीणबाईंची मालिका ऐन रंगात मुकी झाली. मालकीणबाई जिना उतरून दारात आल्या.

"खाली काय लोखंड वितळवताय का?"

"ग्रिल आहे, बाई," ढोलकी म्हणाला. "नवं आहे."

"नवं असो की जुनं, वीज अर्धी माझी आहे. पुन्हा असं झालं तर तुम्हाला वर बोलावून मालिकेची पुढची हकीकत तुमच्याकडूनच ऐकेन. येते का सांगता?"

वायरमन आला, मीटर बघितले, ग्रिल बघितले आणि तोंड फिरवून हसला. थ्री फेजची नवी जोडणी घ्या म्हणाला. त्याला अर्ज, तपासणी, रांग. एक तारखेच्या आत तर सोडाच, दोन-तीन महिने धरून चाला.

"एक तारखेला कामगारांच्या ताटात काय वाढू, बाबा?" सुनेने विचारले. "तुमचं भाषण?"

ढोलकी तणतणत दुकानात गेला. चेल्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, आम्ही ग्रिल विकतो. वीज कुठं विकतो?"

"हे तू मला सांगतोस?"

"तुम्हीच शिकवलंत. शेवटचा शब्द जरा लांबवायचा म्हणालात. नीट लांबला ना?"

दुकानाचे शेटजी मान वर न करता म्हणाले, बदलून मिळत नाही. ढोलकी घरी येऊन पलंगावर आडवा झाला आणि जगात विश्वास कसा उरला नाही, यावर त्याने छताला एक तास व्याख्यान दिले.

सुनेने ते दारातून ऐकले. "बाबा, उद्या सकाळी त्याच दुकानात जाऊन बसा."

"बसून काय करू? माझा अपमान झालाय तिथं."

"जो येईल त्याला एवढंच विचारा, मीटर केवढं आहे, चिमणी आहे का, सिलिंडर कुठं ठेवणार. नुसतं विचारा. बोलणं तेवढं तुम्हाला येतं, ते एकदा तरी आपल्या घरच्या कामाला लावा."

गेला. दुसरा इलाजही नव्हता आणि घरी सून होती. दाराशी स्टुलावर बसला. एक वसतिगृहाचा भोजनव्यवस्थापक आला आणि विजेकडे वळला. चेल्याने तोंड उघडले तोच दारातून आवाज आला, "मीटर केवढं आहे तुमचं?"

"का हो?"

"काही नाही. परवा आमची खानावळ अंधारात गेली. मालकीणबाई वरून खाली आल्या. बाई मोठ्या आहेत."

व्यवस्थापक वसतिगृहाचे मीटर बघून येतो म्हणून गेला. पाठोपाठ एक जोडपे गॅसकडे वळले. "चिमणी आहे का?" ढोलकीने विचारले. "कारण धूर कुठं तरी जाणारच. तो काही तुमच्याशी चर्चा करून जात नाही." तेही गेले. दुपारपर्यंत दुकानात भांडे हलले नाही.

"काका, घरी जा आता," शेटजी म्हणाले.

"मी गिऱ्हाईक आहे. इथून ग्रिल घेतलंय."

"चहा घ्या आणि जा."

"चहा घेतो," ढोलकी म्हणाला आणि बसून राहिला.

त्याला उपरती झाली, खरे बोलायची गोडी लागली, असे कोणी समजू नये. गिऱ्हाईक बिचकते, थांबते, वळून पुन्हा विचारते, यात त्याला विकण्याइतकीच गंमत यायला लागली होती. दुसऱ्या दिवशी तर तो इतका रंगात आला की नुसती कढई घ्यायला आलेल्या एका बाईंनाही त्याने चिमणीचे विचारले. बाई कढई ठेवून निघून गेल्या. तेव्हा शेटजी गल्ल्यावरून उठले. चेल्याला म्हणाले, "याचं यंत्र आणा परत आणि गॅसचं पाठवा. आजच. आणि काका, तुम्ही पुन्हा कोणाला असलं काही शिकवत बसू नका."

गॅसचे ग्रिल आले. मागच्या अंगणात सिलिंडर उभे राहिले. जोडणाऱ्याने नळीच्या सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना ते पाहिले. चिमणी साफ झाली. एक तारखेला जाळीवर कोंबडी आणि मासे तडतडले, वास रस्ता ओलांडून समोर गेला आणि भोंगा वाजताच कामगार रांगेने आले. सून निखाऱ्यासारखी लाल झाली होती, पण हात थांबत नव्हता. यंत्रशाळेचा व्यवस्थापक जेवून हात धुताना म्हणाला, "उद्याही एवढीच माणसं."

ढोलकी दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "मी पहिल्यापासून गॅसच म्हणत होतो. घरातले ऐकत नव्हते."

सुनेने ते ऐकले. गर्दी ओसरल्यावर तिने एक जाड फडका आणि तारेची घासणी घेतली आणि सासऱ्याच्या हातात दिली. "आजपासून दारात उभं राहायचं नाही, बाबा. जाळी तुमच्याकडं."

इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या पहिल्यांदाच कोपरापर्यंत वर गेल्या. ढोलकीने खालचा चरबीचा ट्रे ओढला. तो अडला. जोर केला तर बोट भाजले आणि चरबी मनगटावर सांडली. बोट तोंडात घालून तो ग्रिलकडे संतापाने बघत राहिला.

"हा ट्रे इतका अडचणीत कोण बसवतो? माणसाने साफ कसं करायचं? आणि असली वस्तू लोकांच्या गळ्यात मारतो तरी कोण?"

सुनेने पाण्याचे भांडे त्याच्या पुढ्यात सरकवले. "बोट बुडवा आधी," ती म्हणाली. "मग कोपरे घासा. तिथं अजून काळं राहिलंय."