आडवी हातोडी

सहाव्या मैलाच्या दगडाशी वहिनीनं पिशवी उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर घेतली. घणाच्या वजनानं तिच्या मानेवर लाल वळ उठला होता.

"दे, थोडा वेळ मी घेते," मी म्हटलं.

"खांदा निखळेल तुझा. सुई उचलणारी माणसं तुम्ही."

मी शिवणकाम करते. त्याला वहिनीनं कधी काम मानलंच नाही.

तुरुंग अजून तीन मैल होता. बस मिळत होती, पण ती चढली नाही. "बसलं की पाय थंड पडतात. पाय थंड पडले की डोकं विचार करायला लागतं." त्या दिवशी दुपारी बारा वाजता भंगारवाला सुटणार होता. आठ वर्षांपूर्वी त्यानं माझ्या दादाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, ठार मारलं होतं.

पिशवीत काय आहे ते तिनं लपवलं नव्हतं. घणाचा दांडा हातभर बाहेर आलेला होता. बघणाऱ्याला वाटावं, बाई कुदळ घेऊन कामाला निघाली. पण दांड्याशेजारी दादाची लहान हातोडीही होती.

"ही कशाला?"

"दोन्ही घेतलीत. कुठलं लागेल ते कळलं नाही."

"वहिनी, खरंच मारणार आहेस त्याला?"

"हो." मग दहा-वीस पावलं चालून म्हणाली, "बहुतेक."

मी सोबत निघाले ती तिला अडवायला. निदान देवाला तरी मी तसंच सांगितलं होतं. खरं सांगायचं तर माझं अर्धं मन बघायला आलं होतं.

ती घरात आली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आम्हाला आई नव्हती. पहिल्याच महिन्यात गल्लीतल्या एका टग्यानं माझी वेणी ओढली. वहिनीनं त्याचं मनगट धरलं, दाराच्या फटीत घातलं आणि दार लावलं. काडकन आवाज आला. मग तीच आतून दोन लाकडी पट्ट्या आणि चिंधी घेऊन आली आणि त्याचा हात नीट बांधून दिला. "आता जा. पुढच्या वेळी पट्ट्या तू आण." ती मला पोरी म्हणायची. 'वन्सं' म्हणाली की समजायचं, माझं काही चुकलंय.

लोहारकाम ती माहेरून शिकून आली होती. भट्टीवर दादा डाव्या हातानं सांडशीत लाल लोखंड धरायचा आणि उजव्या हातातल्या हातोडीनं त्यावर टिचकी मारायचा. टिचकी जिथे, तिथे वहिनीचा घण. बोलायचं नाही, त्या आवाजात ऐकूच येत नाही. आणि दादानं हातोडी ऐरणीच्या कडेवर आडवी ठेवली की घण थांबवायचा. वर असेल तर वरच. का, ते विचारायचं नाही. "लोखंड कसं फिरलंय ते मला दिसतं," दादा म्हणायचा. "तुला फक्त वरचं दिसतं."

तिचं दुसरं मूलही पोटातच गेलं, त्यानंतर पाचव्या आठवड्यात ती घणावर उभी राहिली. उभी राहू नकोस म्हणून दादानं दोनदा सांगितलं होतं. त्या दिवशी ती लोखंड मारत नव्हती, कुणाला तरी मारत होती. दादानं हातोडी आडवी ठेवली. तिनं पाहिली, आणि तरी घण खाली आणला. सांडशी सरकलेली होती. दादाच्या डाव्या हाताची दोन बोटं ऐरणीवर चिरडली गेली. हाड आणि राख एकत्र झाली होती, नखं कुठे आहेत तेही दिसेना.

दादा ओरडला नाही. पांढरा पडला आणि म्हणाला, "मी ठेवली होती."

तेवढंच. पुन्हा कधी त्यानं तो विषय काढला नाही. पण त्यानंतर एकदाही तिचा घण चुकला नाही. चर्चमधल्या उपासनेला पूर्वी ती झोपा काढायची, ती आता ऐकायला लागली. एकदा घरी येताना दादाला म्हणाली, "प्रभूही असाच असेल का? खालचं बघणारा?"

"असाच."

"मग लोखंडाला कोण विचारतं?"

दादा हसला. "लोखंड कुठे विचारतंय? तूच विचारतेस."

भंगारवाल्याचं दुकान आमच्या भट्टीला लागून होतं. एक दिवस तो गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांनी भरलेलं पोतं घेऊन आला. त्याला वीस सुरे हवे होते, लांब पात्याचे. दादा म्हणाला, "फाळ सांग, दाराची कडी सांग. माणसात खुपसायचं मी करत नाही."

"मला धर्म शिकवतोस?"

"नाही. नुसतं नाही म्हणतोय."

दुसऱ्या दिवशी तो दोन माणसं घेऊन आला. मी चहाची किटली घेऊन दारात होते. त्याच्या हातात पहार होती. पहिला घाव दादाच्या गुडघ्यावर बसला, दुसरा तोंडावर. दादाचे दात ऐरणीवर टणटणत पडले. वहिनीनं सांडशीतलं लाल लोखंड तसंच एकाच्या गालावर दाबलं. कातडी चरचरली, तो किंचाळत पळाला. दुसऱ्याच्या कोपरावर घण बसला, त्याचा हात उलट्या बाजूला वळला. भंगारवाला मागे सरकताना राखेवर घसरला आणि उताणा पडला, पहार हातातून सुटली. वहिनी त्याच्यावर उभी राहिली. घण डोक्याच्या वर. एक घाव, आणि नारळासारखं फुटलं असतं.

दादा ऐरणीला टेकून बसला होता. तोंडातून रक्त छातीवर सांडत होतं. त्याचा हात वर आला, त्यात हातोडी होती. भट्टीचा धूर मधे आला, आणि ती ऐरणीवर आडवी झाली. टक.

वहिनी थांबली. घण वरच.

तेवढ्यात भंगारवाल्यानं चाचपून पहार उचलली आणि बसल्या बसल्या आडवी फिरवली. ती दादाच्या कानशिलावर बसली. मग माणसं आली, चौघांनी वहिनीला धरलं, तिनं त्यातल्या दोघांना चावून रक्त काढलं. तोवर दादा संपला होता.

दफनाच्या दिवशी पाळकसाहेब म्हणाले, "बाई, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही."

"ते मूर्तीचं आहे, साहेब," वहिनी म्हणाली. "आपल्यात मूर्ती नसते."

भट्टी विझली ती विझलीच. वहिनी लोकांच्या घरी धुणी धुवायला लागली. तिनं धुतलेल्या चादरी फाटून यायच्या. उपासना मात्र एकही चुकवली नाही. नवऱ्याशी अबोला धरलेली बाई त्याचं ताट वाढतेच, तसं तिचं देवाशी चाललं होतं. प्रार्थनेला डोळे मिटायची नाही. समोर रोखून बघायची.

मला मात्र ती एकच विचारायची. आठ वर्षांत शंभरदा विचारलं असेल.

"त्यानं हातोडी ठेवली, की हातातून पडली? तू दारात होतीस."

"मला नुसता धूर दिसला, वहिनी."

"ठेवली असेल, तर देवानंच मला थांबवलं आणि त्याला मारू दिलं. पडली असेल, तर मी फुकटची थांबले. कसंही बघ, माझाच नवरा मेला."

मी शिवणात मान घालायची आणि पुढचा टाका घालायची.

तुरुंगासमोर रस्त्याखालून ओढा जायची एक मोरी होती, तिच्या दगडी कठड्यापाशी आम्ही उभ्या राहिलो. बाराला पाच कमी असताना वहिनीनं घण बाहेर काढला आणि हातोडी माझ्या हातात कोंबली.

"वाटलं तर आडवी ठेव."

"कुणाला वाटलं तर?"

तिनं पदर कमरेला खोचला.

लहान दार उघडलं. भंगारवाला म्हातारा झाला होता. हातात कापडाचं गाठोडं, पायात दोन वेगवेगळ्या चपला. वहिनीला बघून तो जागीच थिजला, मग पळायला गेला आणि चपलेत अडखळून कठड्याशी गुडघ्यांवर पडला. शिपाई दाराआड गेला होता. वहिनीनं दोन ढांगांत त्याला गाठलं, पायानं त्याचा खांदा दाबला आणि घण उचलला. तिच्या दंडाच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. त्या क्षणी मला दादाचे दात दिसले. ऐरणीवरचे. मी मनात म्हटलं, मार. देवा, तिला मारू दे.

नीट दिसावं म्हणून मी पुढे सरले. हातोडी हातातून निसटली आणि कठड्याच्या दगडावर आडवी पडली. टक.

घण वरच थांबला.

"ऊठ," वहिनी त्याला म्हणाली. "मी थांबलेय. मागच्या वेळी थांबले तेव्हा काय केलंस? आता कर. दगड घे, हवं तर."

तो उठला नाही. त्यानं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं होतं. त्याची विजार ओली झाली. "वहिनी," तो म्हणाला, "वहिनी, जाऊ द्या."

मी मनात मोजत होते. वीसपर्यंत मोजलं. मग तिनं घण त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर जमिनीत हाणला. खडे उडून त्याच्या गालाला लागले, रक्त आलं. तो हातापायांवर रांगत गेला, मग उठला आणि गाठोडं तिथेच टाकून पळाला. वहिनी कठड्याला धरून वाकली आणि भडभडून ओकली. मी तिची पाठ चोळली.

परतीच्या वाटेवर दोन मैल ती पुढे चालत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं होतं, आज तरी तो काही बोलेल. वरचा. काही बोलला नाही."

"मग थांबलीस का?"

"तू हातोडी ठेवलीस म्हणून." ती माझ्याकडे वळली. "ठेवलीस ना? की पडली?"

मला खोटं बोलता आलं असतं. तिचं समाधानही झालं असतं.

"पडली, वहिनी. मी तर मनात 'मार' म्हणत होते."

ती रस्त्यातच उभी राहिली. मला वाटलं, आता मलाच हाणते. पण ती हसायला लागली, आठ वर्षांत पहिल्यांदा. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते तिनं घण धरलेल्या हातानंच पुसलं, त्यामुळे गालावर काळा पट्टा उमटला.

"वा, वन्सं," ती म्हणाली. "म्हणजे तू ठेवली नाहीस, आणि मीही थांबणार नव्हते. तरी तो जिवंत आहे, आणि मी घरी चाललेय."

थोडं पुढे गेल्यावर तिनं घणाची पिशवी माझ्या खांद्यावर दिली. मी वाकले, पण चालले.

"मला अजून त्याचा राग आहे," ती म्हणाली. "वरच्याचा. तो कळत नाही मला. पण खालचं त्याला दिसत असेल, इतपत मानते आज." मग वहिनीनं पिशवीतली हातोडी काढली, तिचा दांडा पदरानं पुसला आणि ती माझ्या मुठीत दिली. "उद्या भट्टी पेटवू. मला घाव कळतो, लोखंड तू बघायला शीक. आणि मी चुकले की ही आडवी ठेव, पोरी. पडू देऊ नकोस. ठेव."