अस्थी घेऊन परत आलो

आज मंगळवार. पत्नीच्या अस्थी घेऊन सकाळी तापीवर गेलो. घाटाच्या जरा वर सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा पाइप नदीत सुटतो. पाण्यावर फेस होता. यंत्रांचा आवाज मात्र येत नव्हता.

केंद्रातला ओळखीचा माणूस काठावर भेटला. म्हणाला, "नाना, बठ्ठं, पुरं पाणी साफ करीसनच सोडतस."

"मग यात हात धू बरं."

तो हसला. "आते नको. माले डबा खावाना शे."

सोबत आलेले मेहुणे म्हणाले, "भाऊजी, सगळं गाव इथंच अस्थी सोडतं." मला धीर झाला नाही. ती नळाचं पाणीही दोनदा गाळायची.

अस्थी घरात ठेवत नाहीत, म्हणून गाठोडं अंगणातल्या निंबाला बांधलं. तुमच्या गावचं सांडपाणी खरंच साफ होतं का? कुणी पाहिलंय?

आता आंघोळ करून एक कप चहा ठेवतो.