हामुरोंनी लेमकेबाईंना खाली आणलं तेव्हा

तोयोकिची हामुरो जपानहून कसरतीच्या खेळाच्या चमूबरोबर बर्लिनला आले तेव्हा पंचविशीत होते. खांद्यावर उंच बांबू तोलायचा आणि त्याच्या टोकावर एका मुलीनं उभं राहायचं, हा त्यांचा खेळ. एकदा पडले, गुडघा गेला. चमू पुढच्या गावी निघून गेला, हामुरो मात्र राहिले ते राहिलेच. तळमजल्यावर खोली घेऊन छत्र्या दुरुस्त करू लागले.

तिसऱ्या मजल्यावरच्या लेमकेबाई विधवा होत्या. येताजाता टोमणा ठरलेला.

"हामुरो, तुमच्या मुळ्याच्या लोणच्यानं सगळा जिना घमघमतोय."

"आणि तुमचा आंबवलेला कोबी काय अत्तर लावून शिजतो, बाई?"

एकोणीसशे पंचेचाळीसच्या फेब्रुवारीत भर दुपारी बॉम्ब पडले. रोजच्या भोंग्यांना कंटाळून बाई तळघरात उतरल्याच नव्हत्या. धूळ खाली बसली तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या वरचा जिना नाहीसा झाला होता आणि बाई वर, दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. बंबवाले यायची आशा नव्हती.

साठीला टेकलेल्या हामुरोंनी बूट काढले, कपडे वाळत घालायची दोरी कमरेला गुंडाळली आणि भिंतीत अडकून राहिलेल्या कठड्याला धरून ते वर चढले. चादरीची झोळी करून तिला दोरी बांधू लागले.

"अहो, मी ऐंशी किलोची बाई आहे," लेमकेबाई म्हणाल्या.

"ते लढाईआधी. आता पन्नास भरलात तरी पुष्कळ. बसा."

हामुरोंनी झोळी हळूहळू खाली सोडली आणि दुसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांनी बाईंना झेललं. हामुरो मागून उतरले, पण शेवटी गुडघ्यानं दगा दिला आणि ते थेट ढिगाऱ्यावर घसरले. आठवडाभर लंगडत होते.

वरची खोली राहण्याजोगी उरली नव्हती. हामुरोंनी आपली खाट बाईंना दिली आणि स्वतः छत्र्यांच्या कपाटामागे पथारी टाकली. एप्रिलमध्ये जपानी वकिलातीचा निरोप आला, सगळ्या जपान्यांनी शहराबाहेर जमावं, मायदेशी पाठवणार आहेत. बाईंनी पावाचे तुकडे बांधून दिले आणि पाठ फिरवून भांडी घासायला बसल्या.

संध्याकाळी हामुरो पायी परत आले.

"गाडी चुकली?"

"नाही. बसलो होतो गाडीत. तिकडे आपल्या ओळखीचं कोण उरलंय, तेच आठवेना. उतरलो."

बाईंनी दुसरी ताटली मांडली.

लढाई संपली. ती दोघं पुढं अकरा वर्षं त्याच खोलीत राहिली. लग्न करून टाका, असं सांगून शेजारी थकले.

"या वयात नव्या सवयी कोण लावून घेणार?" लेमकेबाई म्हणत.