अंगठ्याचा कौल

मैदानावर त्यांना सगळेच मामा म्हणत. फुटबॉलवाले, धावणारे, लांब उडीवाले, एवढंच काय, क्लबचे साठी उलटलेले सेक्रेटरीसुद्धा. खरी भाची मात्र एकच. ती दीड हजार मीटर धावायची आणि तिला या गोष्टीचा भारी राग. "माझा मामा अख्ख्या मैदानाला वाटून टाकलाय," असं ती लहानपणापासून म्हणत आली होती.

मामांची खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली. छत उतरतं, त्यामुळे उंच खेळाडूंची डोकी हमखास आपटायची. मग मामा म्हणायचे, "ये, आता वरूनच तपासायला सुरुवात करू." आत एक फाटक्या रेक्झिनचं टेबल, बर्फाची पेटी, चिकटपट्टीची रिळं आणि कोपऱ्यात कुबड्यांचा जोड. तीस वर्षं मामांनी इथे दुसऱ्यांचे पाय हातात घेतले. मुरगळलेला घोटा तासाभरात कसा टम्म फुगतो, मांडीमागचा स्नायू ऐन वेगात कसा दगा देतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. "मामा, गुडघ्यात टचकन आवाज झाला," असं कुणी सांगितलं की मामा पुढे काही विचारत नसत. मुकाट्याने कुबड्या काढून देत.

मोठ्या शर्यतीआधी प्रत्येक खेळाडूने मामांच्या टेबलावर पाच मिनिटं झोपायचं, असा क्लबचा शिरस्ता होता. मामा अंगठा फिरवत. अंगठ्याला ऊब कळायची, सूज कळायची, स्नायूतली गाठ कळायची. दाबताना मामा पायाकडे नाही, तोंडाकडे बघत. शेवटी दाराशी खेळाडूंच्या नावांचा कागद घेऊन उभ्या असलेल्या प्रशिक्षक मॅडम विचारत, "मामा, काय म्हणतो अंगठा?" मामा म्हणत, "पळू दे," नाहीतर, "बसव." त्यावर अपील नव्हतं. डॉक्टरच्या चिठ्ठीवर लोक वाद घालत, मामांच्या अंगठ्यावर नाही.

आणि आठ महिन्यांपासून हा अंगठा मेला होता.

आधी मुंग्या आल्या. मग चहाचा कप सुटला. मनगटातली नस दाबली गेलीय, असं डॉक्टरांनी सांगितलं. तीस वर्षं तंगड्या दाबल्याचं बक्षीस, दुसरं काय! ऑपरेशन करा म्हणाले. मामांनी मान डोलावली आणि घरी येऊन विषयच काढला नाही. पण बायकोपासून काय लपणार? रोज सकाळी ती त्यांच्या शर्टाची बटणं लावायची आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायची. "बटणं मी लावायची आणि जगाच्या तंगड्या तुम्ही तपासायच्या. सांगून टाका ना एकदाचं."

"सांगतो," मामा म्हणायचे. पण अंगठा गेला तर मामांचं उरलं काय? पट्टी तर कुणीही गुंडाळतं.

तीन महिन्यांपूर्वी फुटबॉलचा डावा विंगर पोटरी धरून आला होता. मामांनी अंगठा फिरवला, हाताला काहीच लागलं नाही. पोरगा हसत होता, तेव्हा मामा म्हणाले, "पळू दे." विसाव्या मिनिटाला पोटरीचा स्नायू फाटला. नशीबच वाईट, असं सगळे म्हणाले. मामांना कुणी एका शब्दाने बोललं नाही आणि त्यामुळेच मामांना जेवण गोड लागेना. तो विंगर अजूनही एक पाय ओढत चालायचा. भेटला की आदराने हात वर करायचा, आणि मामा नजर चुकवायचे.

आज शुक्रवार. परवा, रविवारी, राज्य संघासाठी निवड शर्यत. भाची टेबलावर आडवी झाली होती आणि मामा अंगठा टेकवायला धजत नव्हते. कारण सोमवारी ती पायऱ्या उतरताना त्यांनी बघितली होती. एक पाय ती जपून टाकत होती. मॅडमनी विचारलं तेव्हा म्हणाली, "नडगी दुखते थोडी, सगळ्यांचीच दुखते." खरं होतं. धावणाऱ्यांची नडगी दुखतेच. दुखणं तळहाताएवढं पसरलेलं असलं तर दोन आठवडे विश्रांती, बर्फ, विषय संपला. पण दुखणं बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी असलं तर हाडाला केसाएवढी भेग असू शकते. त्या भेगेवर शर्यत पळलं तर हाड मधोमध मोडतं. मग वर्षभर कुबड्या, आणि नंतर पूर्वीसारखं धावणं होईलच याची खात्री नाही.

मामांनी अंगठा गुडघ्याखालून घोट्यापर्यंत नेला. काही कळलं नाही. पुन्हा नेला. लाकडावरून फिरवावा तसा. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं.

तोंड शांत होतं. इस्त्री केल्यासारखं शांत.

तिथेच मामांना संशय आला. ही पोर नऊ वर्षांची असल्यापासून त्या बर्फाच्या पेटीवर बसून शाळेचा अभ्यास करायची. मामा तोंडाकडे बघतो, हे तिच्याएवढं कुणाला ठाऊक होतं! शिवाय नडगीला नुसतं बोट लागलं तरी ती गुदगुल्या होऊन टेबलावरून खाली पडायची. आज ती हसली नव्हती. आज ती छताकडे बघत श्वास मोजत होती.

"दुखतंय?"

"छे! कुठे काय?"

"हसली नाहीस ती?"

"मामा, एकोणीस वर्षांची झाले मी. आता काय गुदगुल्या!" ती उठून बसली. "तुझ्या हाताला काय लागलं ते सांग ना. कुठे गरम आहे? कुठे सूज आहे? नाही ना लागली? मग म्हण मॅडमना, पळू दे."

दारातून मॅडम डोकावल्या. "मामा, काय म्हणतो अंगठा?"

नुसतं "बसव" म्हणता आलं असतं. पण ही पोर गप्प बसणारी नव्हती. दुसऱ्या कुणाला तरी पाय दाखवून, पट्टी घट्ट आवळून, कुठल्या तरी शर्यतीत ती पळालीच असती. सगळ्यांना फसवायचं तिला या खोलीतच शिकायला मिळालं होतं. मामांचं मन त्यांनाच खाऊ लागलं; ते स्वतःही याच खोलीत सगळ्यांना फसवत होते.

"दोन मिनिटं द्या मॅडम," मामा म्हणाले आणि त्यांनी दार लोटलं.

कोपऱ्यातल्या स्टुलावर रविवारच्या शर्यतीचे नंबर पडले होते, छातीवर लावायच्या कागदी नंबरांचे गठ्ठे, आणि सोबत पिनांचा डबा. मामांनी एक पिन उघडून तिच्या हातात दिली. उजवा अंगठा पुढे केला आणि मान भिंतीकडे वळवली.

"टोच."

"काहीतरीच काय, मामा!"

"टोच म्हणतो ना."

तिने घाबरत घाबरत टेकवली. मामा भिंतीकडेच बघत होते. तिने जरा जोर लावला.

"अगं, टोच की," मामा म्हणाले.

आणि ते वळले. अंगठ्यावर रक्ताचा थेंब उभा होता.

"आठ महिने झाले," मामा म्हणाले. "काही कळत नाही त्याला. विंगरचा पाय मी असाच पास केला. तुझ्या मामीशिवाय कुणाला ठाऊक नाही. आता तुला सांगितलं." त्यांनी तिच्या पायाकडे बघितलं. "मला भीती वाटते गं. तुझ्या पायाचं मला काही कळत नाहीये."

बाहेर कुणीतरी शिट्टी वाजवून पोरांना गोळा करत होतं. भाचीने पिन डब्यात ठेवली. कापूस घेऊन रक्त पुसलं. मग तिने तो अंगठा आपल्या हातात धरला, नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्यापासून चार बोटं वर नेला आणि एका जागी टेकवला. टेकवला मात्र, तिचा चेहरा पिळवटून निघाला.

"इथे," ती म्हणाली. "एवढंच. तीन आठवडे झाले." आणि ती ढसाढसा रडायला लागली.

मामांनी तिला जवळ घेतलं. बर्फाची पेटी उघडली, पण नडगीवर बर्फ बांधायच्या फडक्याची गाठ काही त्यांना मारता येईना. ती तिनेच नाक ओढत मारली.

मॅडमनी दार ढकललं. हातात कागद, कानावर पेन. "काय मामा? काय म्हणतो अंगठा?"

मामांनी क्षणभर भाचीकडे बघितलं.

"अंगठा आता काही म्हणत नाही, मॅडम. आत या, सांगतो. आधी हिच्या हाडाचा फोटो काढायला पाठवा. आणि त्या कागदावर माझंही नाव लिहा."

"आणि नावापुढे काय लिहू?"

"बसव," मामा म्हणाले.