कोनाकच्या चौकात धरलेला पाय

तुर्कांच्या मुलखात, इझमीर शहरातला कोनाक चौक मी पहिल्यांदा पाहिला आणि आल्या पावली परत फिरावंसं वाटलं. ज्या चौकाच्या कौतुकानं माझ्या पोरानं तीन वर्षं पत्रं भरली, तो हा? मधोमध एक घड्याळाचा मनोरा, भोवती खजुराची झाडं, एका कोपऱ्यात खेळण्यातली वाटावी एवढीशी मशीद, आणि पलीकडे समुद्र. समुद्रही असा निपचित पडलेला, की आमच्या गावच्या खांब तलावात एखादी म्हैस उतरली तर याच्यापेक्षा मोठी लाट उठते.

तिथवर पोचायला मी काय सोसलं ते ऐका. भंडारा रोड स्टेशनावरून मुंबई गाठली. मुंबईहून विमान. ते इतकं उंच गेलं की कपातला चहा आपसूक वर तरंगायला लागला, तो मी चमच्यानं हवेत पकडून प्यायलो. इस्तंबूलहून पुढे बस. घाटात ती अशी वळायची की समोर कोणाच्या तरी गाडीचा मागचा दिवा दिसे, आणि नीट पाहावं तर तो आमच्याच गाडीचा असे. कंडक्टर मध्येच येऊन सगळ्यांच्या हातांवर लिंबाचं अत्तरपाणी ओतायचा. मी तीर्थ समजून प्यायलो. नागपूरच्या उन्हाळ्यातही घसा एवढा भाजला नव्हता.

हे सगळं कशासाठी, तर मधूसाठी. मधू माझा एकुलता एक पोरगा, पुलांच्या कामावरचा इंजिनिअर. त्याच्या कंपनीला तो आणखी तीन वर्षं हवा होता. राहायचं तर त्याला ठरलेल्या दिवशी कचेरीत जाऊन सही करायची होती. निघताना त्याची माय मला उंबऱ्यातच म्हणाली, "पोराले घेऊनच या. एकटे आले त मी दार उघडणार नाई." मीही भंडाऱ्याच्या अख्ख्या गांधी चौकात सांगून बसलो होतो की मधूला आणतो, जवाहरनगरच्या फॅक्टरीत चिकटवतो, रोज संध्याकाळी फॅक्टरीच्या बसनं घरी जेवायला येईल.

कचेरी या चौकाला लागूनच होती. सहीच्या दिवशी सकाळी मधू मला मुद्दाम चौक दाखवायला घेऊन आला. त्याचा बेत मी ओळखला, आणि माझाही बेत पक्का केला. या चौकाची दुपारपर्यंत अशी लाज काढायची की पोरगा स्वतः पेटी बांधेल.

सुरुवात नावापासून केली. हे लोक चौकाला 'मेयदान' (मैदान) म्हणतात. मी म्हटलं, मैदान म्हणावं तर गाईला चघळायला गवताची काडी नाही. मग घड्याळ. जर्मनीच्या बादशहानं दिलेलं, असं मधू सांगत होता. मी म्हटलं, दुसऱ्याच्या घड्याळावर पोट भरणारं शहर ते. कबुतरं तर एवढी माजलेली की वाट सोडत नव्हती; त्यांतलं एक माझ्या टोपीवर बसून चौक बघायला लागलं. मधू हसून राहिला होता. मी नाही हसलो.

खाण्याला मात्र मी सोडलंच नाही. 'गेवरेक' म्हणून तिळाचं कडं मिळतं. ते दातांनी तोडताना माझी दाढ शहीद होता होता वाचली. 'आयरान' म्हणजे खारट ताक. आमच्याकडे पाहुण्याला असं पातळ ताक दिलं तर सोयरिक मोडते. आणि भात! लोण्यात परतलेला, मोकळा, मध्ये शेवयांचे तुकडे. मी भंडाऱ्याचा माणूस, वासाच्या चिन्नोर तांदळाचा भात शिजला की तिसऱ्या घरचा माणूस पाट घेऊन येतो असल्या मुलखातला. ताटलीला नाक लावलं, काही वास येईना. वाढणाऱ्याला म्हटलं, "बापा, हा भात हाये का भाताचा फोटू?" त्याला काही कळलं नाही. त्यानं आणखी एक वाढप घातलं. मी ते खाल्लं, पण रागानं खाल्लं.

जेवण झाल्यावर मधू उठला. मला एका बाकावर बसवून म्हणाला, "बाबूजी, तुमी इथंच बसा. मी कचेरीत जाऊन येतो."

"काय सांगून येशील?"

"ठरलं नाई अजून," तो म्हणाला आणि गेला.

मी बसलो. आणि तेव्हा मला त्या अख्ख्या चौकातली एकच चीज अशी दिसली की जिला नाव ठेवता येईना. बाकाशेजारी एक मिशाळ माणूस बुटक्या स्टुलावर बसला होता, आणि त्याच्या पुढ्यात पितळेचा देव्हारा होता. आमच्या घरात तीन पिढ्या पितळी भांड्यांचा धंदा. गुंड (पाण्याचा पितळी घडा), परात, समई, सगळं या हातांखालून गेलं. पण असलं काम मी पाहिलं नव्हतं. उभे कळस, नक्षीच्या पट्ट्या, घुमटासारख्या झाकणांच्या कुप्या, आणि घासलेलं असं की टोपीवरचं कबूतर मला त्यात दिसलं. मी जवळ गेलो, बोटाच्या पेरानं टिचकी मारली. नाद खणखणीत. मिशाळ खूश झाला, माझ्यासाठी चहा मागवला. मी मनात म्हटलं, या बाटग्या चौकात निदान एक तरी भाविक माणूस आहे.

एवढ्यात कोटवाला एक जाडा गृहस्थ आला आणि त्यानं बुटासकट पाय उचलून थेट त्या देव्हाऱ्याच्या माथ्यावर ठेवायला नेला.

आता आमच्याकडे काय आहे, तांब्याला चुकून पाय लागला तरी तांब्याला हात लावून तो हात कपाळाला नेतात. पितळ पाण्याचं, देवाचं, लेकीच्या आंदणाचं. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी तो पाय हवेतच धरला आणि ओढला. गृहस्थ असा आपटला की चौकातली सगळी कबुतरं उडाली, घड्याळाचा काटा एक घर पुढे सरकला आणि धक्क्यावरची बोट निघायची वेळ झाली समजून सुटली. माणसं धावली. बंदूकवाला एक शिपाई आला. मी पाय सोडला नव्हता. मी आमच्या भाषेत सगळ्यांना विचारत होतो, "पितळेवर जोडे ठेवता काहून बे? घरी माय-बाप हायेत का नाई?" मिशाळ बिचारा ब्रश दाखवून मला समजावत होता, आणि तेव्हा कुठे मला उमजलं, की हा बूटपॉलिशवाला आहे आणि हा देव्हारा त्याची पॉलिशची पेटी. पण उमजलं म्हणून धरलेला पाय लगेच सोडायचा नसतो. माणसाची काही पत असते.

मधू धावत आला. हातात उघडं पेन होतं. त्यानं आधी माझी बोटं सोडवली, गृहस्थाला उभं केलं, कोट झटकला, आणि शिपायाशी बोलायला लागला. भाषा मला कळत नव्हती, पण हात कळत होते. चिंच लावून भांडं घासणं, डोक्यावर गुंड घेऊन येणारी बाई, देवापुढची समई. एका एका हातवाऱ्याला गर्दी निवत गेली. शिपाई हसला. गृहस्थानं माझ्या खांद्यावर थाप मारली. मिशाळानं आपल्या बाहीनं पेटी पुसली. माझा पोरगा त्या चौकात असा बोलत होता, जसा मी गांधी चौकात बोलतो.

बोलता बोलता मागे सरताना त्याच्या बुटाचं टोक पेटीला लागलं. बोलणं न थांबवता तो वाकला, पितळेला हात लावला, कपाळाला नेला आणि पुढचं वाक्य बोलून गेला. कोणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्याही नाही.

गर्दी पांगल्यावर मी विचारलं, "सही केली?"

"नाई. तुमचा आवाज आला, तसाच आलो." मग खाली बघून म्हणाला, "तुमी म्हनाल तसं करतो, बाबूजी."

ज्यासाठी अर्धी पृथ्वी तुडवत आलो होतो ते हातात आलं होतं. मी चौकाकडे पाहिलं. तसाच फालतू होता.

"जा," मी म्हटलं, "करून ये सही. पेन वाळून जाईल."

"आन मायले काय सांगाल?"

"ते मी पायतो."

भंडाऱ्याला परतलो तेव्हा गांधी चौकात माणसं वाटच पाहत होती. मी सांगितलं, तिथले लोक पितळेवर बूट ठेवतात, कोणी शिकवणारं नाही. शेवटी मधूला म्हटलं, थांब बापा तू इथं, वळण लावून ये यांना. सगळ्यांना पटलं. एकानं तर सुस्कारा सोडला, तुर्कांसाठी.

घरी दार उघडं होतं. मधूच्या मायनं माझ्या मागे पाहिलं, गल्लीच्या टोकापर्यंत पाहिलं. मी तीच कहाणी तिला सांगितली, अगदी कबुतरांसकट. संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, "शिकवून झालं का येईल नं जी तो?"

मी खाली बसलो आणि जोड्यांचे बंद सोडायला लागलो. ते काही लवकर सुटेनात.