यादीतली पहिली ओळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, रोज सकाळी ज्याच्याबरोबर मैदानाला फेऱ्या मारतो त्या मित्राला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर मुळीच नाही. आता तुम्हाला सांगतोय, म्हणजे मी फार धीट झालोय असं समजू नका. तुमचा चेहरा मला दिसत नाही, एवढंच.

परळच्या आमच्या चाळीत मला ‘आभारवाले परब’ म्हणतात. गणपतीतली व्याख्यानं असोत, बक्षीस समारंभ असो, नाहीतर रक्तदान शिबिर — शेवटी माईक माझ्या हातात. एरवी आभारप्रदर्शन सुरू झालं की लोक चपला शोधायला लागतात. माझ्या वेळी बसून राहतात. मांडववाला, माईकवाला, चहावाला, खुर्च्या उचलणारी पोरं, मी कुणाला सोडत नाही. एका वर्षी तर कार्यक्रमात गेली नाही म्हणून विजेचेही आभार मानले होते. काय हशा पिकला होता! आणि खोटं कशाला बोलू — मला ते आवडतं. वडील गिरणीत साच्यावर कापड विणायचे, मी विम्याच्या कचेरीत कारकून. आमच्यासारख्याला माईक एरवी कुठे मिळतो?

नावांची यादी माझी मुलगी श्रावणी लिहून देते. माझं अक्षर मलाच लागत नाही. ती तिसरीत होती तेव्हापासूनचं तिचं काम आहे ते.

श्रावणीला थॅलेसेमिया होता. ‘होता’ लिहिताना अजूनही हात थांबतो. दर तीन आठवड्यांनी बाहेरचं रक्त चढवायचं, तेव्हा कुठे पोर चालती-बोलती. चाळीत आम्ही हे कधी कळू दिलं नाही. क्लासला गेलीय, मावशीकडे गेलीय — एकोणीस वर्षं थापा मारल्या. दोष माझ्या आणि तिच्या आईच्या, दोघांच्याही रक्तातून आलेला. लोक काय म्हणतील? पुढे तिचं लग्न कसं व्हायचं? हे प्रश्न मी ढालीसारखे पुढे धरायचो, आणि त्यांच्यामागे माझी स्वतःची लाज लपलेली असायची.

मग डॉ. नाबर भेटल्या. नवा उपचार होता, मोजक्याच रुग्णांना मिळणारा. त्यांनी तासभर बसवून समजावलं. श्रावणीच्याच शरीरातून रक्त तयार करणाऱ्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्या जनुकात नेमक्या एका ठिकाणी बदल करायचा आणि तिच्या तिला परत द्यायच्या. धोके कोणते, अजून काय माहीत नाही, हेही काही न लपवता सांगितलं. निर्णय मला विचारला नाही, तिला विचारला. ती म्हणाली, करू या.

मला माझे वडील आठवले. साच्यावरच्या हजारो धाग्यांतला एक तुटला, तर तेवढा नेमका हुडकून जोडायचे. लहानपणी मला तीच मोठी जादू वाटायची. आणि इथे? डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीत, त्याहून न दिसणाऱ्या धाग्यात, एक जागा शोधायची! ज्याला हे पहिल्यांदा जमलं, तो माणूस त्या दिवशी जेवला तरी असेल का?

नव्या पेशींना जागा करायला आधी दिलेल्या कडक औषधांनी तिचे केस गेले, तोंड सोललं. आणि मग एका सकाळी तिच्या बदललेल्या पेशींची पिशवी आली. एवढीशी. मी उगाच काहीतरी भव्य मनात धरून बसलो होतो. त्यात होतं गुलाबीसर पाणी. नळीतून ते उतरायला लागलं आणि खोलीभर वास सुटला. पेशी गोठवताना घातलेल्या औषधाचा तो वास, असं नर्सने सांगितलं. श्रावणी हसून म्हणाली, “बाबा, मला लसणीची चटणी चढवतायत.” मी हसलो नाही. माझे हात आपोआप जोडले गेले होते. देवाला नाही, डॉक्टरांना नाही, त्या प्लॅस्टिकच्या पिशवीला. एवढं मोठं काही माझ्यासमोर कधी घडलं नव्हतं. पुन्हा घडेल असंही वाटत नाही.

काही महिन्यांनी रक्त चढवणं बंद झालं. तिचं रक्त तिचं शरीर करू लागलं. नखांखाली गुलाबी रंग आला. मी कामावरून आल्यावर काही ना काही निमित्त काढून तिची नखं बघायचो.

आणि डॉ. नाबरांना मी काय म्हणालो? त्या पिशवीच्या दिवशी त्या खोलीत आल्या तेव्हा मी विचारलं, श्रावणीला ताक चालेल का. बस. साधं ‘थँक्यू’ मला पुरेसं वाटेना. आभारवाले परब ना मी! कधीतरी चार लोकांत, साजेशा शब्दांत मानीन म्हटलं. ते ‘कधीतरी’ मी तीन वर्षं पुढे ढकलत राहिलो.

मग मंडळाच्या पोरांनी गणपतीतल्या व्याख्यानाला नेमकं त्यांनाच बोलावलं. पोरांना आमचं काहीच ठाऊक नव्हतं. विषय जनुकबदलाचा. श्रावणी तिसऱ्या रांगेत बसली होती. बाई छान बोलल्या. एकदाही श्रावणीकडे किंवा माझ्याकडे पाहिलं नाही; आमचं गुपित त्यांनी आमच्याहून जास्त जपलं.

शेवटी सावंतकाका उठले. मनाचा सरळ माणूस, पण आवाज मोठा. “देवान दिलेल्या रक्ताक हात लावूचो हक्क तुमका कोणी दिलो?” मांडव टाळ्यांनी दणाणला. बाई चिडल्या नाहीत. जन्माला न आलेल्या मुलांना हवं तसं घडवायला आपलाही विरोध आहे, म्हणाल्या; त्यांची संमती घेणार कशी, आणि तो बदल पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाणार. पण समोर आजारी माणूस असेल, समजून-उमजून हो म्हणत असेल, आणि बदल त्याच्यापुरताच राहणार असेल, तर हक्क त्याचा असतो. ज्यांच्या घरात हा आजार आहे, त्यांना एकदा विचारा, असं म्हणून त्या थांबल्या.

विचारायचं कुणाला? तो माणूस व्यासपीठावर, त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसला होता — आता त्याच्याच हातात माईक आला.

मी चिठ्ठी उघडली. श्रावणीचं बारीक, नीटस अक्षर. पहिली ओळ अशी: ‘डॉ. नाबर — माझ्या रक्ताबद्दल. बाबा, माझं नाव घेऊन सांगा.’

मी वाचली ती. मनातल्या मनात दोनदा वाचली.

आणि दुसऱ्या ओळीपासून सुरुवात केली. मांडववाल्याचे आभार मानले. माईकवाल्याचे, चहावाल्याचे, सतरंज्या झटकणाऱ्या पोरांचे. बारा नावं झाली. बाईंबद्दल एवढंच म्हणालो की त्यांनी आपला अमूल्य वेळ दिला. इथेच थांबायचं ना? पण टाळ्या सावंतकाकांच्या बाजूला होत्या, आणि मला टाळ्या हव्या होत्या. मी म्हणालो, “पण मंडळी, देवाने घातलेली घडी माणसाने विस्कटू नये, हेही खरंच.” दणकून टाळ्या पडल्या. बाईंनीही हलकेच वाजवल्या. मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं नाही.

मुलीच्या लग्नासाठी गप्प बसलो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगू शकलो असतो. पण तिनेच तर लिहून दिलं होतं. लपायचं तिला नव्हतं, मला होतं.

नंतर चहाच्या टेबलापाशी श्रावणी स्वतः कप घेऊन बाईंकडे गेली. बाईंनी हळूच तिचा हात धरून नखं पाहिली. मी जे घरी चोरून बघायचो तेच. मी तिथूनच वळलो आणि खुर्च्या उचलायला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना तिने विचारलं, “बाबा, पहिली ओळ राहिली का?”

मी म्हटलं, “चष्मा घरी राहिला होता गं. बारीक अक्षर, दिसलीच नाही.”

चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. बारा नावं मी त्याच चिठ्ठीवरून वाचली होती, आणि ती समोरच बसली होती. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “माझंच चुकलं. मोठं लिहायला हवं होतं.” चपला घातल्या आणि गेली.

याला तीन वर्षं झाली. दर वर्षी ती यादी लिहून देते. यंदाची काल दिली. अक्षरं बोटभर मोठी आहेत, चष्म्याशिवायही वाचता येतात. पहिली ओळ ती कोरी सोडते.