उलटं केलेलं खोकं

मी विषाच्या खोक्यातून खायची वस्तू पाठवली. हे कबूल करायला मला फार जड जात नाही, कारण निष्काळजीपणाला लोक माफ करतात. जड जातं ते पुढचं. ज्या माणसाने तो वास बरोबर ओळखला, त्याला मी वेड्यात काढलं आणि त्याच्या बायकोचा व्हिडिओ चाळीसेक लोकांना हसायला दिला.

जळगावातली पाइपच्या कारखान्यातली नोकरी सुटल्यावर मी ऑनलाइन बिबडे विकायला लागलो. ज्वारी आंबवून, शिजवून, ओल्या कापडावर थापून कडक उन्हात वाळवलेला पातळ पापड म्हणजे बिबडा. पहूरच्या चार बायका ते करून देतात, माझी बायको निवडून पिशव्या भरते, आणि खोकं बांधून पाठवणं माझ्याकडे. बिबडा इतका नाजूक की जोरात ठेवला तरी तुटतो. त्यामुळे माझा दिवस पापडापेक्षा पुठ्ठा, रद्दी आणि चिकटपट्टी यांतच जास्त जायचा.

आणि गिऱ्हाइकांत. हा शब्द लिहितानाही माझा ओठ अजून जरा वाकडा होतो, हे खोटं कशाला सांगू. एका बाईंना प्लास्टिक नको होतं, त्यांना पृथ्वीची काळजी होती. नुसत्या कागदात पाठवले तर चुरा झाला. तेव्हा पृथ्वी बाजूला ठेवून त्यांनी 'फुग्यांचं प्लास्टिक का नाही घातलं' असं विचारत मला एकच स्टार दिला. दिवाळीत एकाचा फोन आला की आतल्या रद्दीवर निधनाची जाहिरात निघाली. भरसणाला माझ्या पार्सलातून त्याच्या घरात सुतक शिरलं होतं म्हणे. एका साहेबांचं चिकटपट्टी ओढताना नख तुटलं. पुरावा म्हणून नखाचा फोटो आला. मी तो मोठा करून पाहिला. नख शाबूत होतं, फक्त बरेच दिवस कापलेलं नव्हतं.

सगळ्यांत जास्त ओरड जुन्या खोक्यांची. साबणाच्या नाहीतर बिस्किटांच्या खोक्यातून माल गेला की 'सेकंडहँड पॅकिंग' असा शेरा ठरलेला. पाच मिनिटांत फाडून कचऱ्यात टाकायचं खोकं यांना लग्नातल्या आहेरासारखं कोरं हवं. म्हणून आम्ही विक्रेते एक युक्ती करतो. जुन्या खोक्याचा जोड ओला करून उकलायचा, खोकं उलटं करायचं आणि पुन्हा चिकटवायचं. छापील बाजू आत जाते, कोरी बाहेर येते. गिऱ्हाईक खूश. मी हे इतक्या सफाईने करायचो की बायको म्हणायची, "पापडापेक्षा तुम्ही खोकीच विका."

आमचा खानदेशातल्या विक्रेत्यांचा एक व्हॉट्सॲप गट आहे. सोनगीरचा एक लोणचेवाला, जळगावचे शेव-फरसाणवाले एक शेठ, मसालेवाले, गोधडीवाले. गटात रोज कुणीतरी आपल्याकडची सगळ्यांत मूर्ख तक्रार टाकायचं. त्याला आम्ही 'आजचा नमुना' म्हणायचो. नखाच्या फोटोने मी तिथे बरंच नाव कमावलं होतं.

त्या वर्षी सणाच्या आधी माझी खोकी संपली. किराणा होलसेलवाल्याकडची आधीच दुसऱ्यांनी उचललेली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी शेतीच्या औषधांचं दुकान आहे, त्याच्या मागे खोक्यांचा ढीग पडलेला असतो. त्या ढिगाला हात लावायचा नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी मी आठ-दहा खोकी उचलली. ही बियाण्यांचीच असतील, असं मनाशी म्हणालो. छाप वाचला नाही. वाचला असता तर परत ठेवावी लागली असती, म्हणून वाचला नाही. मी ती उलटी केली, आणि खोक्यावर जे काही छापलेलं होतं ते बिबड्यांच्या बाजूला गेलं. पिशव्यांची तोंडं मी दुमडून नुसती पिन मारायचो.

त्यातलं एक पार्सल धुळ्याला देवपुरात गेलं. चार दिवसांनी तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला.

"भाऊ, तुमच्या बिबड्यांना वास येतो."

"कसला वास, अक्का?"

"मला नाही येत. आमच्या म्हाताऱ्याला येतो. दोन खाल्ले अन् ताट सारलं. म्हणे, फवारणीच्या औषधाचा वास शे."

"आबांचं वय काय?"

"अठ्ठ्याहत्तर."

"मग बिबडे नका तपासू अक्का, आबांना तपासा. या वयात जिभेला काहीही लागतं."

बाई हळूच म्हणाल्या, "पोरगाबी तेच म्हणतो."

मी एवढ्यावर सोडलं नाही. आमचा नियम होता की पार्सल उघडतानाचा व्हिडिओ असेल तरच तक्रार ऐकायची. म्हाताऱ्या माणसांकडे तो कुठला असणार, म्हणून मी मुद्दाम मागितला. पण त्यांच्याकडे होता. पहिल्यांदाच ऑनलाइन काही मागवलं होतं, म्हणून नातीने कौतुकाने काढलेला. बाई विळ्याने चिकटपट्टी कापताहेत, खोक्याशी बोलताहेत, "उघड ना रे बाबा, कितला बांधी ठेयेल शे!" आणि बिबडे आले का म्हणून बाजेवरून एक म्हातारा आवाज अहिराणीत विचारतोय, "उनात का बिबडा?"

मी तो व्हिडिओ 'आजचा नमुना' म्हणून गटात टाकला. खाली लिहिलं, 'आबांना पापडात फवारणीचा वास येतो. पंप पाठवू का?' सोनगीरवाल्याने लिहिलं, 'आबांनाच फवारा.' शेठनी हसून रडणारे चेहरे ओळीने लावले. दोन दिवस गटात कुणी काहीही बोललं तरी उत्तर एकच, "उनात का बिबडा?" मी फार सुखात होतो. अक्कांना मी लेखी उत्तर धाडलं की खाल्लेला माल परत घेतला जात नाही आणि दोष मालात नसून खाणाऱ्याच्या तोंडात आहे. खाली 'धन्यवाद' असंही लिहिलं.

महिनाभराने फोन भरला म्हणून मी व्हिडिओ पुसत बसलो होतो. पोस्टात पार्सलांच्या रांगेत होतो, आजूबाजूला माणसं, म्हणून आवाज बंद. तोच व्हिडिओ लागला. आवाज नसल्यामुळे हसायला काही उरलं नाही, आणि मी पहिल्यांदा खोक्याकडे पाहिलं. अक्का झाकण उघडतात, पिशव्या बाहेर काढतात, आणि रिकाम्या खोक्याच्या आतल्या बाजूला एक चौकोन दिसतो. खालच्या अर्ध्यात पिवळा त्रिकोण, वरच्या अर्ध्यात ठळक अक्षरांत 'विष'. आमच्याकडे शेतात कधी न गेलेल्या माणसालाही तो चौकोन कळतो. चौकोनाभोवती एक तपकिरी डाग होता, आतली बाटली कधीतरी गळल्यासारखा.

चाळीस जणांनी तो व्हिडिओ पाहिला होता. आम्ही सगळे पुठ्ठ्यावर जगणारी माणसं, आणि एकानेही पुठ्ठा पाहिला नाही.

घरी येऊन उरलेली खोकी पाहिली. तीन शिल्लक होती, तिन्हींवर तोच चौकोन. बाकीची ज्यांच्याकडे गेली होती त्यांना मी एकेक फोन लावला. ते बिबडे खाऊन संपले होते, कुणाला काही झालं नव्हतं. एकाने तर 'चव छान होती' असं सांगितलं. त्या दिवशी ती स्तुती ऐकवेना. मग गटात मी खरं काय ते लिहिलं. लगेच सोनगीरवाल्याचा फोन आला.

"डिलीट कर आधी ते. येडा झाला का?"

"अरे, विषाचं खोकं होतं."

"मग? सीझनला कोण वापरत नाही? तू एकटाच देवमाणूस का?"

शेठनी तर गटावरच लिहिलं, 'ज्याची चूक त्याने स्वतःपुरती ठेवावी, इतरांचा धंदा खराब करू नये.' गिऱ्हाइकांना मी इतकी वर्षं क्षुद्र म्हणत आलो. नखाचा फोटो पाठवणारा माणूस मला त्या दिवशी आमच्या सगळ्यांपेक्षा बरा वाटला. त्याने निदान आपलं नख तरी पाहिलं होतं. मी गट सोडला. पण त्यात मोठेपणा काही नाही. देवपुरात फोन करायला मला त्यानंतरही आठ दिवस लागले. आबा जिवंत आहेत का, हे विचारायची मला भीती वाटत होती. शेवटी फोन केलाच नाही. पार्सलावरचा पत्ता घेतला आणि पारोळ्यावरून जाणाऱ्या एसटीत बसलो.

दार अक्कांनी उघडलं. मी 'बिबडेवाला' म्हटल्यावर त्यांनी मला आत घ्यावं की नाही याचा विचार केला आणि घेतलं. आबा बाजेवर बसले होते. जिवंत, वाळलेले, मांडीवर टॉवेल. मी कसे आहात विचारलं तर त्यांनी नुसती मान हलवली.

"हे आता खाण्याचं काही बोलतच नाहीत," अक्का म्हणाल्या. "तुमचा मेसेज पोराने सगळ्यांना वाचून दाखवला होता. तेव्हापासून हे भाजी खारट म्हटले तरी पोरं विचारतात, फवारणीचा वास येतो का आबा? मागच्या पंधरवड्यात दूध नासलं होतं. मला कळलं नाही. यांना कळलं, तरी गपचूप पिऊन घेतलं. चार दिवस दवाखान्यात होते."

मी विषाची भीती घेऊन आलो होतो. विषाने काहीच केलं नव्हतं. जे केलं ते माझ्या त्या 'धन्यवाद'वाल्या मेसेजने. आतल्या खोलीत टीव्ही चालू होता आणि एक माणूस फोनवर बोलत होता.

मी बाजेजवळ खाली बसलो. उरलेल्या तिनांतलं एक खोकं सोबत आणलं होतं, ते उलगडून त्यावरचा चौकोन आबांसमोर धरला. त्यांनी तो बोटाने चाचपला, मग खोकं नाकाशी नेलं आणि डोळे मिटले.

"चाळीस वरीस फवारेल शे मी," ते म्हणाले. "माले कळस नही का?"

"कळतं, आबा. वास खरा होता. मी विषाच्या खोक्यात बिबडे घातले, आणि तुम्ही ओळखलं तर तुमच्यावरच हसलो. तुमची जीभ खरी आहे. खोटा मी होतो. मला माफ करा."

आबांनी खोकं खाली ठेवलं आणि टीव्हीच्या आवाजाकडे हात केला.

"मना पोऱ्या मझार शे. जोरमा सांग."

मी उठलो, मुलगा होता त्या आतल्या खोलीच्या दाराशी गेलो, टीव्ही बंद करा म्हणालो, आणि तेच सगळं पहिल्यापासून, मोठ्याने, पुन्हा सांगितलं.